जुने इंग्रजी शब्द, मराठी अर्थ : तीनशे शब्दांच्या यादीच्या प्रकल्प नोंदी

5 जानेवारी : आखणी

ठरवलेले काम असे. 1600 ते 1900 या काळातले इंग्रजी वाचताना अडणारे तीनशे शब्द, प्रत्येकाचा मराठी अर्थ, उच्चार आणि त्या अर्थाचा एक छापील पुरावा. पुस्तिका ए-5 आकाराची, पन्नास पानांच्या आत. शब्द घ्यायचे तीन ठिकाणांहून: 1611 चे किंग जेम्स बायबल, शेक्सपिअरची नाटके आणि ब्रिटिश अमदानीतली कचेरीची पत्रे व जमिनीचे कागद.

आधी नावाचा घोळ मिटवला. 'ओल्ड इंग्लिश' म्हणजे साधारण 1100 पर्यंतची अँग्लो-सॅक्सन भाषा. ती वेगळी शिकल्याशिवाय आजच्या इंग्रजालाही लागत नाही. शेक्सपिअरची भाषा त्या हिशेबाने 'अर्ली मॉडर्न', म्हणजे सुरुवातीची आधुनिक. यादी या दुसऱ्या प्रकारची आहे. हे मुखपृष्ठावरच लिहायचे, नाहीतर पुस्तिका हातात घेणारा भलत्याच अपेक्षेने उघडणार.

तक्त्याचे रकाने: शब्द, उच्चार, अर्थ, पुरावा, शेरा. यात एक मोठी चूक झाली, ती तीन आठवड्यांनी कळली. 'आज वाचणारा काय समजेल' हा रकाना हवा होता. तो मागाहून घालताना सत्तर नोंदी परत उघडाव्या लागल्या. कोणी असे काम हाती घेत असेल तर हा रकाना पहिल्या दिवशीच आखावा. पुढचे बरेचसे काम त्याच रकान्यात आहे.

11 जानेवारी : यंत्राची गाळणी फसली

सोपा मार्ग धरला. किंग जेम्स बायबलची साधी टेक्स्ट फाइल घेतली, सगळे शब्द सुटे केले, दुहेरी काढून टाकले. बारा हजारांहून अधिक वेगवेगळे शब्द मिळाले. त्यातून आजच्या स्पेलचेकच्या यादीतले शब्द वजा केले. उरेल ते 'जुने', असा हिशेब.

उरली ती बहुतेक माणसांची आणि गावांची नावे. त्याखालोखाल 'एथ' आणि 'एस्ट' शेपटीची क्रियापदे: गोएथ, सेइथ, नोएस्ट. ही शब्दांची नव्हे, व्याकरणाची गोष्ट. 'एथ' म्हणजे तो-ती-ते, 'एस्ट' म्हणजे तू. एक नियम लिहिला आणि असे सगळे शब्द एका फटक्यात काढले.

खरा तोटा दुसरीकडे झाला. गाळणीतून लेट, मीट, कॉर्न, क्विक, प्रिव्हेंट, फॅन, फ्लोअर, इअर हे सगळे निसटले, कारण ते आजही स्पेलचेकला मान्य आहेत. घात करणारे शब्द नेमके हेच. अनोळखी शब्दाला वाचणारा अडतो आणि कोश उघडतो. ओळखीच्या शब्दाला तो अडतच नाही, चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. यंत्राला स्पेलिंग कळते, अर्थ सरकलेला कळत नाही. नऊ तास गेले, हाती लागले चाळीस शब्द.

ज्या फायलीवर काम केले तिच्यातले स्पेलिंगही 1611 चे नाही. बाजारात फिरणारी प्रत बहुधा 1769 च्या ऑक्सफर्ड आवृत्तीची असते, स्पेलिंग सुधारलेली. पुराव्यापुढे '1611' लिहायचे असेल तर शब्द तोच पण वर्णलेखन नंतरचे, असा शेरा हवा. तो टाकला.

18 जानेवारी : हाताने वाचन, दोन ढीग

गाळणी बाजूला ठेवून वाचायला घेतले. शब्दांचे दोन ढीग केले: 'अनोळखी' आणि 'तोंडओळखीचे'. अनोळखी शब्दाला सरासरी चार-पाच मिनिटे लागतात. बीझम म्हणजे काटक्यांचा खराटा. लिहिले, पुढे गेलो. स्क्रिप म्हणजे खांद्यावरची पिशवी, दाविदाने ओढ्यातले पाच गोटे जिच्यात टाकले ती. झाले.

तोंडओळखीच्या एका शब्दाला अर्धा-पाऊण तास जातो. आजचा अर्थ इथे बसत नाही हे आधी सिद्ध करावे लागते, मग जुना अर्थ बसतो हे.

मासल्याला मार्क 6:25 ही एक ओळ. मुलगी राजाला म्हणते, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे डोके मला 'बाय अँड बाय' 'इन अ चार्जर' दे. आजच्या कानाला: सावकाश कधीतरी, चार्जरमध्ये. त्या काळी 'बाय अँड बाय' म्हणजे ताबडतोब, आणि चार्जर म्हणजे मोठे पसरट ताट. एकाच ओळीत दोन फसगती, आणि पहिली तर उलटा अर्थ देणारी.

'लगेच' दाखवणारे शब्द इंग्रजीत एकामागून एक ढिले पडले आहेत. अनॉन, प्रेझेंटली, बाय अँड बाय, अगदी सून सुद्धा. सगळ्यांचा जुना अर्थ 'तत्क्षणी'. सगळे 'थोड्या वेळाने'वर घसरले. मराठी वाचकाला हे समजावायला शेऱ्यात एकच शब्द पुरला: 'आलोच!'

24 जानेवारी : 'लेट'चे दोन शब्द

लेट म्हणजे होऊ देणे, हे सगळ्यांना माहीत. हॅम्लेटच्या पहिल्या अंकात, बापाच्या भुतामागे जाताना मित्र धरून ठेवतात तेव्हा तो म्हणतो, मला जो 'लेट' करील त्याचे मी भूत करीन. इथे 'जाऊ देईल' घेतले तर वाक्याचे मातेरे होते.

पहिला मसुदा असा लिहिला होता: 'या शब्दाचा अर्थ उलटा झाला.' चूक. मुळात शब्दच दोन. जुन्या इंग्रजीत परवानगी देणे आणि अडवणे अशी दोन वेगळी क्रियापदे होती. उच्चार झिजत झिजत दोन्ही 'लेट' झाली आणि एका जागेसाठी भांडली. परवानगीवाले टिकले. नोंद फोडून लेट-1, लेट-2 केली.

लेट-2 चा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. भारतीय पासपोर्टच्या सुरुवातीच्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्यात 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' हे शब्द आहेत. म्हणजे विनाअडथळा. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून पलीकडे योग्य चौकोनात पडला की पंच 'लेट' म्हणतो, तोही हाच.

यावरून नियम केला: अर्थ उलटला असे लिहिण्याआधी शब्द एकच आहे का ते व्युत्पत्तीत पाहायचे. या नियमाने पुढे 'इअर'ला वाचवले.

31 जानेवारी : मत्तय 3:12, एक ओळ आणि पाच शब्द

या एका ओळीवर पूर्ण दिवस गेला. ओळीत फॅन, थ्रूली, फ्लोअर, गार्नर, चाफ. शहरी वाचक 'हातात फॅन, फ्लोअर साफ करणार' असे वाचतो आणि डोळ्यांपुढे पंखा आणि फरशी येते.

फॅन: लॅटिन 'व्हॅनस'वरून आलेला शब्द, धान्य पाखडायची पसरट टोपली. वारा घालायचा पंखा हा नंतरचा अर्थ. मराठीत सूप. फ्लोअर: खळे. चाफ: भूस. थ्रूली: आजचे 'थरोली', नीट, पूर्ण. गार्नर: इथे आधी 'कणगी' लिहिले, मग खोडले. कणगी विणलेली, घरातली. गार्नर म्हणजे धान्य साठवायची इमारत किंवा खोली. 'कोठार' ठेवले.

प्रचलित मराठी बायबलातही सूप, खळे, कोठार हेच शब्द सापडले आणि बरे वाटले. पण सावधगिरी हवी. मराठी बायबल हे किंग जेम्सचे भाषांतर नव्हे. पडताळणीला घ्यावे, पुरावा म्हणून लावू नये. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तर सूपही नाही. धान्य वाऱ्यावर उडवायचे फावडे किंवा दाताळे आहे. म्हणजे मूळ कृती उपणण्याची, इंग्रजी शब्द पाखडण्याचा. आपली यादी इंग्रजी शब्दांची, म्हणून 'सूप' कायम. ग्रीकची गोष्ट शेऱ्यात.

शेतीच्या शब्दांत मराठी इंग्रजीपेक्षा तोकडी पडत नाही, उलट नेमकी पडते. 'ग्लीन'ला सगळीकडे 'वेचणे' एवढेच दिलेले असते. बायबलातली रूथ बवाजाच्या शेतात करते ते 'सरवा वेचणे': पीक कापून नेल्यावर मागे राहिलेली कणसे गोळा करणे. एका शब्दात काम झाले. 'विनो'ला दोन शब्द द्यावे लागले, कारण मराठीत उपणणे वेगळे आणि पाखडणे वेगळे.

3 फेब्रुवारी : इअर, सॉड, कंपास

उत्पत्ती 45:6 मध्ये योसेफ भावांना सांगतो की अजून पाच वर्षे 'इअरिंग' नाही आणि कापणी नाही. पहिल्या मसुद्यात 'कणसे धरणे' लिहिले होते. वाचायला अगदी पटते, आणि म्हणूनच धोक्याचे. 1 शमुवेल 8:12 मध्ये राजा लोकांना त्याची जमीन 'इअर' करायला लावील असे येते. जमिनीला कणसे धरवता येत नाहीत. हे तिसरेच क्रियापद: नांगरणे. कान, कणीस, नांगरणे, तीन शब्द एका स्पेलिंगचे. लेटवरून केलेला नियम इथे कामी आला, आणि दुसरा नियम मिळाला: एका पुराव्यावर अर्थ ठरवायचा नाही, दुसरी जागा शोधायची.

सॉड: उत्पत्ती 25:29. याकोबाने कालवण 'सॉड' केले, म्हणजे शिजवले. सीद या क्रियापदाचा भूतकाळ. त्याचेच धातुसाधित सॉडन, आज 'चिंब भिजलेला'. निर्गम 12:9 मध्ये मात्र पाण्यात शिजवलेले मांस.

कंपास: प्रेषितांची कृत्ये 28:13. 'वी फेच्ड अ कंपास' म्हणजे वळसा घालून गेलो. प्रवास जहाजाचा असल्यामुळे होकायंत्र आणले हा अर्थ फार गोंडस बसतो. युरोपात पहिल्या शतकात होकायंत्र नव्हते, एवढे लक्षात आले तरी वाचक थांबेल. कॅरेज (21:15): गाडी नव्हे, सोबतचे सामान.

कॉर्न, मीट, वाँट भराभर उरकले. कॉर्न म्हणजे धान्य, इंग्लंडात बहुधा गहू. मका नाही, तो अमेरिकेतून आला. मीट म्हणजे अन्न. उत्पत्ती 1:29 मध्ये तर झाडपाल्यालाच मीट म्हटले आहे. वाँट म्हणजे उणे पडणे.

9 फेब्रुवारी : नॉटी अंजिरे आणि मृग

यिर्मया 24:2 मध्ये एका टोपलीत 'व्हेरी नॉटी' अंजिरे आहेत, इतकी की खाववत नाहीत. खोडकर नव्हे, नासकी. 'नॉट' म्हणजे काही नाही. त्यावरून ज्यात काही दम नाही ते, मग वाईट, मग दुष्ट. खोडकर पोरापर्यंत शब्द शेवटी पोचला. नाइस याच्या उलट चढला: लॅटिनमधल्या 'अजाण'वरून आलेला, आधी मूर्ख, मग नाजूक-चोखंदळ, मग छान. सिली एकेकाळी धन्य, भाग्यवान होता.

या गटाला 'वर चढलेले' आणि 'खाली घसरलेले' अशी दोन उपशीर्षके दिली होती. छान दिसत होती. काढून टाकली. वाचक शब्द अक्षरक्रमाने शोधतो, प्रकाराने नाही. दीड दिवसाची मांडणी वाया.

डिअर: किंग लिअरच्या तिसऱ्या अंकात वेड्याचे सोंग घेतलेला एडगर उंदीर, घुशी 'अँड सच स्मॉल डिअर' खाल्ल्याचे सांगतो. हरणे नव्हेत, बारीकसारीक जनावरे. डिअर म्हणजे पूर्वी कोणताही पशू. पुढे शिकारीच्या मुख्य पशूपुरता आखडला. शेऱ्यात लांब स्पष्टीकरण लिहिले होते, ते खोडून फक्त 'मृग पाहा' असे लिहिले. संस्कृतात मृग म्हणजे रानटी पशू. म्हणून मृगया ही शिकार, म्हणून सिंह मृगराज. मराठीत आल्यावर मृग हरणापुरता उरला. दोन भाषांनी एकाच जनावराशी तोच खेळ केला, म्हणून मराठी वाचकाला ही नोंद पाठ करावी लागणार नाही.

क्विक म्हणजे जिवंत. क्विकसिल्व्हर हा पारा, जिवंत असल्यासारखी पळणारी चांदी. 'द क्विक अँड द डेड' म्हणजे जिवंत आणि मेलेले. चपळ आणि मेलेले नव्हे. क्विकलाइम आपली चुनकळी, पाणी पडले की उसळणारी.

15 फेब्रुवारी : दाऊ, यी, यू

दाऊ म्हणजे आदरार्थी, हा समज फार पसरलेला आहे. देवाला दाऊ म्हणतात, म्हणून मोठा शब्द असणार, असा तर्क. नेमके उलटे. दाऊ म्हणजे तू. मराठीतही देवाला 'तू'च म्हणतात, त्यामुळे इथे इंग्रजीपेक्षा मराठी वाचकाला सोपे जाते.

किंग जेम्समध्ये नियम साधा: दाऊ-दी एका माणसाला, यी-यू अनेकांना, मानाचा संबंध नाही. लूक 22:31-32 मध्ये हे डोळ्यांना दिसते. 'सैतानाने "यू"ला गव्हासारखे चाळायला मागितले, पण मी "दी"साठी प्रार्थना केली.' आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे यू येतो आणि भेद पुसला जातो. मराठीत: तुम्हांला चाळायला, तुझ्यासाठी प्रार्थना. चाळणी सगळ्या शिष्यांना, प्रार्थना एकट्या शिमोनासाठी.

शेक्सपिअरकडे मात्र मान-अपमान येतो. ट्वेल्फ्थ नाइटच्या तिसऱ्या अंकात सर टोबी मित्राला द्वंद्वाचे पत्र कसे लिहावे ते शिकवतो: त्याला दोन-तीनदा 'दाऊ' कर. इथे दाऊ हे क्रियापद. इंग्रजी टीपांमध्ये यावर चार ओळी असतात. मराठीत 'अरे-तुरे करणे', झाले. 1603 च्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने वॉल्टर रॅलेला भर न्यायालयात असेच एकेरीवर आणले होते, तो पुरावा जोडला.

यीची दुसरी गंमत. दुकानांच्या पाट्यांवरचे 'यी ओल्ड' हे सर्वनाम नाहीच. ते 'द' आहे. थॉर्न नावाचे एक अक्षर होते, उच्चार थ-द. हस्तलिखितात ते वायसारखे दिसू लागले आणि छापखान्यात त्याच्या जागी वाय बसवला गेला. यादीत यी-1, यी-2.

हिदर-दिदर-व्हिदर, हेन्स-देन्स-व्हेन्स या सहा शब्दांना सहा नोंदी लिहिल्या होत्या. सगळ्या काढून एक चौकट केली: इकडे, तिकडे, कुणीकडे, इथून, तिथून, कुठून. व्हेअरफोर म्हणजे 'का'. ज्युलिएट गच्चीवर रोमिओला शोधत नाही. तू रोमिओच का, असे विचारते. देअरफोर म्हणजे 'म्हणून' हे आठवले की जोडी जुळते.

22 फेब्रुवारी : लांब एसने खाल्लेले दोन आठवडे

सतराव्या-अठराव्या शतकातल्या पुस्तकांचे स्कॅन घेऊन त्यातले पुरावे शोधत होतो. मजकूर ओसीआरने, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या यंत्रणेने, काढलेला. त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे एस लांब लिहीत, एफसारखा, फक्त आडवी रेघ अर्धी. ओसीआर त्याला एफ वाचतो.

चुकून निरर्थक शब्द तयार झाला तर दिसतो. पण सेमचा फेम होतो, सिनचा फिन, सॉटचा फॉट, आणि सोलचा फाउल. सगळे खरे शब्द. पाप हवे तिथे माशाचा पर, आत्मा हवा तिथे गलिच्छ. स्पेलचेक गप्प. 'फाउल'चा एक अनोखा अर्थ सापडला म्हणून लिहिलेली नोंद पूर्ण खोटी निघाली.

उपाय: 1800 च्या आधीच्या कोणत्याही पुराव्यासाठी मजकूर नाही, पानाचे चित्र पाहायचे. एफची रेघ दांड्याच्या दोन्ही बाजूंना जाते, लांब एसची फक्त डावीकडे, किंवा नसतेच. 200 टक्के मोठे केले की दिसते. यू-व्ही आणि आय-जे यांची अदलाबदलही तशीच. 62 पुरावे परत तपासले, 11 बाद.

1 मार्च : रूड, पर्च, फर्लाँग

जमिनीच्या जुन्या इंग्रजी मापांना 'एक जुने माप' असा अर्थ देणारे कोश पुष्कळ. अशा नोंदीचा वाचकाला उपयोग शून्य. आकडे काढले आणि हिशेब अगदी चपखल बसला.

पर्च (रॉड, पोल ही त्याचीच नावे) लांबीला साडेसोळा फूट. गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे बरोबर दोन पर्च. त्यामुळे चार चौरस पर्च म्हणजे एक गुंठा. रूड म्हणजे पाव एकर, 40 चौरस पर्च, 10 गुंठे. एकर 160 चौरस पर्च, 40 गुंठे. अपूर्णांक कुठेच नाही. फर्लाँग हा 'फरो-लाँग', नांगराच्या एका तासाची लांबी, 220 यार्ड. त्याला एक चेनची, म्हणजे 22 यार्डांची रुंदी दिली की 4840 चौरस यार्ड, एक एकर.

रूडचा दुसरा अर्थ क्रूस, विशेषतः चर्चमधला. रूड-1, रूड-2.

धान्याच्या मापात मात्र हात पोळले. पेकला 'पायली' लिहिले होते. पायली गावागणिक बदलायची, पेक ठरलेला: दोन गॅलन, सुमारे 9.1 लिटर. बुशेल त्याच्या चौपट, 36.4 लिटर. पायली खोडून लिटर घातले. फार्दिंगला 'दमडी' ठेवले, पण फक्त म्हणीच्या अर्थाने. हिशेबात तो पेनीचा चौथा हिस्सा, 240 पेनींचा पौंड. फोर्टनाइट म्हणजे 'फोर्टीन नाइट्स', चौदा रात्री. पंधरवडा लिहिला तर एका दिवसाचा फरक पडतो. 'दोन आठवडे' लिहिले.

7 मार्च : अल्टिमो, इन्स्टंट, प्रॉक्सिमो

कचेरीच्या जुन्या पत्रांत तारखेपुढे अल्ट., इन्स्ट., प्रॉक्स. येते. अल्टिमो गेला महिना, इन्स्टंट चालू महिना, प्रॉक्सिमो येता महिना. 3 मार्चच्या पत्रात '28 अल्ट.' म्हणजे 28 फेब्रुवारी. '2 इन्स्ट.' म्हणजे 2 मार्च; 'तातडीने' नव्हे. मराठीत 'चालू माहे', 'गत माहे' दिले. सरकारी कागद वाचणाऱ्याला ते ओळखीचे.

सर्वांत जास्त होणारी चूक: महिना आजपासून मोजणे. तो पत्राच्या तारखेपासून मोजायचा. पत्राचे पहिले पान गहाळ असेल तर अल्ट.ला काही अर्थ उरत नाही. तिथे महिना अंदाजाने भरू नये.

उच्चाराचा रकानाही याच आठवड्यात पुरा केला. व्हिक्च्युअल्स लिहायचे, व्हिटल्स म्हणायचे. गेओल लिहायचे, जेल म्हणायचे. व्हायकाउंटमधला एस लिहिण्यापुरता. क्लर्कला इंग्रज 'क्लाक' म्हणतात. मराठीतला 'क्लार्क' त्याच्याच जवळचा, अमेरिकन 'क्लर्क'च्या नाही.

12 मार्च : भुताटकीचे शब्द

यादी 290 वर आली तेव्हा उरलेले दहा शब्द 'सुंदर दुर्मिळ इंग्रजी शब्द' अशा फिरत्या याद्यांतून उचलले. दहापैकी सातांना एकही छापील पुरावा मिळाला नाही. फक्त याद्याच एकमेकींची नक्कल करत होत्या. बाद.

हा रोग जुना आहे. भाषाभ्यासक वॉल्टर स्कीट यांनी 1886 मध्ये अशा शब्दांना 'घोस्ट वर्ड' हे नाव दिले. वेबस्टरच्या 1934 च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' म्हणजे घनता असा शब्द छापला गेला. मुळात ती एक चिठ्ठी होती: 'डी ऑर डी', म्हणजे मोठा डी किंवा छोटा डी हे घनतेचे संक्षेप. अंतर विसरले आणि शब्द जन्मला. व्युत्पत्ती नाही हे 1939 मध्ये एका संपादकाच्या ध्यानात आले. कोशकारांकडूनही होते ते आपल्याकडून होणारच, म्हणून नियम कडक ठेवला: पुरावा नाही तर नोंद नाही.

'पॉश'ची गोष्ट याच नियमाने गेली. इंग्लंड-मुंबई बोटींवर जाताना डावी, येताना उजवी अशी सावलीची केबिन, आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची चार आद्याक्षरे. मुंबईची म्हणून सोडवत नव्हती. तसे तिकीट एकही सापडलेले नाही.

यादी 293 वर थांबवली. तीनशेचा हट्ट सोडला.

17 मार्च : फॉन्ट आणि क्रम

तक्ता सीएसव्ही करून दुसऱ्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडला तर देवनागरीच्या जागी भेंडोळी. साठवताना 'यूटीएफ-8 विथ बीओएम' निवडले की नीट उघडतो. ऑटोकरेक्ट आधी बंद करा. त्याने 'वॉट', म्हणजे ठाऊक असणे, याचे चार ठिकाणी 'व्हॉट' केले होते.

मांडणीकाराने मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये नेला. रफार सरकले आणि 'वाऱ्यावर'मधला अर्धा र मोडला. उपणणे, पाखडणे, फॅन, चाफ, विनो, सगळीकडे वारा. 23 जागा. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो आणि दिसायला एकच, त्यामुळे शोध-बदलमध्ये निम्मेच सापडले, उरलेले डोळ्यांनी. पुन्हा करायचे झाले तर युनिकोडमध्येच मांडणी करणाऱ्याकडे द्यायचे, पानामागे दहा रुपये जास्त पडले तरी.

23 मार्च : सहा वाचकांची चाचणी

कच्ची प्रत सहा जणांना दिली, सोबत वीस ओळी. तिघे विशी-बाविशीचे, तिघे पन्नाशीपुढचे.

इंग्रजी अर्थात फारशी अडचण आली नाही. अडचण मराठीत आली. तरुण तिघांपैकी एकालाही सरवा, उपणणे आणि चुनकळी माहीत नव्हते. खळे फक्त एकाला माहीत होते. जुन्या इंग्रजीला नेमका म्हणून दिलेला मराठी शब्द त्यांना तितकाच जुना. सरवासमोर एकाने पेन्सिलीने लिहिले होते: 'सराव?'

शब्द बदलायचे नाहीत असे ठरले. 'वेचणे' लिहिले तर नेमकेपणा जातो. त्याऐवजी अशा 34 नोंदींत मराठी शब्दापुढे एक ओळ घातली. उपणणे: उंचावरून धान्य हळूहळू सोडून वाऱ्याने भूस उडवणे. दोन पाने वाढली. मागे 34 शब्दांची मराठी सूची जोडली, तीही दोन पाने. एकूण 48.

30 मार्च : छपाई, खर्च, शुद्धिपत्र

वेळ: सुमारे 140 तास. त्यातले 9 गाळणीत, 20 च्या पुढे लांब एसमध्ये, 12 उपशीर्षकांच्या मांडणीत, 6 फॉन्टमध्ये गेले.

खर्च: मांडणी 48 पाने, पानामागे 40 रुपये, 1,920. प्रूफ दोनदा, पानाला 2 रुपये, 192. शंभर प्रती, प्रतीमागे 38, 3,800. एकूण 5,912 रुपये. प्रूफ तिसऱ्यांदा काढायला हवे होते. 96 रुपये वाचवले आणि खालची चिठ्ठी शंभर प्रतींत हाताने चिकटवावी लागली.

पान 12, चार्जर: पुरावा 'मार्क 6:52' छापला आहे, 6:25 वाचावे.

पान 29, प्रिव्हेंट: 'आधी येणे, गाठणे' हा अर्थ छापायचा राहिला. स्तोत्र 119:147 मध्ये पहाट अडवलेली नाही. पहाटेच्या आधी उठलेले आहे.

पान 31, रूड-1: '10 आर' छापले आहे, '10 गुंठे' वाचावे. गुंठा 101.17 चौरस मीटर, आर 100. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, त्यामुळे ही चूक प्रूफात तिघांच्या डोळ्यांखालून गेली.